डावीकडे फिरणारं कुलूप

टिचकीने ती किल्ली बावीस वर्षं सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवली होती, बटणं आणि आकड्यांच्या तळाशी. काही शिवायला बसली की बोटाला लागायची. लागली की टिचकी सुई बाजूला ठेवायची. घरातल्यांना वाटायचं, चष्मा बदलायला झाला, धागा ओवता येत नाही. धागा तिला चांगला ओवता यायचा. ती आपल्या भावाचा विचार करत असायची.

टिचकी हे नाव त्यानेच ठेवलेलं. लहानपणी ती चणीने एवढीशी होती, म्हणून. पुढे चाळिशी उलटली, स्वतःचा स्प्रिंगांचा कारखाना झाला, दीडशे माणसं हाताखाली आली, तरी ती टिचकीच राहिली.

ती डावखुरी होती. डाव्या हाताने पेन्सिल धरली की आई तो हात फडक्याने खुर्चीला बांधून ठेवायची. आणि आईला बातमी द्यायला दादा तयारच. "आई, बघ, परत डाव्या हाताने!" उजव्या हाताने टिचकी लिहायला शिकली, जेवायला शिकली, पण कानस आणि पक्कड हातात आली की डावाच हात पुढे यायचा. तिथे तिला अडवणारं कुणी नव्हतं.

ते कुलूप तिने विसाव्या वर्षी केलं. साध्या कुलपात किल्ली आतल्या पट्ट्या उचलते, पट्ट्या एका रेषेत आल्या की कडी सुटते. चोर काय करतो? खोटी किल्ली घालून खडखडवत बसतो. कधी ना कधी जमतंच. टिचकीने आत एक चिमुकली स्प्रिंग आणि तिच्या जोरावर उभा राहणारा खटका बसवला. किल्ली चुकीची फिरली की खटका एक पायरी खाली उतरायचा. तिसऱ्या चुकीला तो तळाशी पडायचा, आणि मग खरी किल्ली घाला नाहीतर देवाची करुणा भाका, कुलूप उघडायचं नाही. कापावंच लागायचं. आणखी एक गोष्ट होती. हे कुलूप उघडायचं डावीकडे फिरवून. डावखुऱ्या माणसाचं मनगट तिकडे सहज वळतं. आयुष्यात एक तरी वस्तू आपल्या हाताच्या सोयीची असावी, एवढाच तिचा हेतू.

दादा तोवर तीन धंदे करून बसला होता. आधी साबण विकले, मग पंखे, मग घरोघर जाऊन विमा. टिकला कुठेच नाही, पण जीभ अशी तयार झाली की ऐकणाऱ्याने हातातलं काम खाली ठेवावं. त्याने ते कुलूप पाहिलं आणि म्हणाला, "टिचके, तू करायचं, मी विकायचं. निम्मं निम्मं." दोघं मिळून दुकानोदुकानी जाऊ लागले. तो बोलायचा, ती किल्ली फिरवायची. तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यात डोळे घालून बोलत असायचा, त्यामुळे शेजारी बहिणीचा हात कुठल्या बाजूला वळतो, हे त्याने कधी पाहिलंच नाही.

मागणी वाढली तसा दोघांनी कारखाना काढला. आणि मग एका सकाळी ती कामावर आली तर कारखान्याच्या दाराला कुलूप. तिचंच, तीन चुकांचं, पण नवं कोरं. यंत्रावर निघालेलं, उजवीकडे फिरणारं. गिऱ्हाइकांना डावीकडची सवय नाही म्हणून कारागिरांनी परस्पर बदललेलं. दादाने वरच्या खिडकीतून डोकं काढलं.

"अगं, कुलपाची नोंदणी माझ्या नावावर झाली. तुझं आता लग्न झालंय. तुझे हात तिकडे लागतील."

"दादा, कुलूप माझं आहे. निदान माझं म्हणून सांग."

"डोकं फिरलंय का? जा घरी." आणि त्याने खिडकी लावून घेतली.

तिचं पहिलं कुलूप आतच राहिलं. किल्ली तेवढी तिच्या खिशात होती.

पुढचं तसं सरळ आहे. दादाचं कुलूप घराघरांत गेलं. 'तीन चुका, खेळ खलास' ही त्याची जाहिरात पोरासोरांच्याही तोंडी बसली. टिचकीने सहा वर्षं खेळण्यांच्या कारखान्यात चावीच्या बेडकांना स्प्रिंगा बसवल्या. मग दवाखान्यांतल्या खाटा दुरुस्त केल्या. तिथे तिला कळलं की खाट मोडत नाही, स्प्रिंग मोडते. तेव्हा तिने स्प्रिंगाच करायला घेतल्या. धंदा चालला नाही असं एकही वर्ष गेलं नाही. पण दर वर्षी, काम कितीही चांगलं झालं तरी, मनात तीच एक खिडकी धाडकन लागायची.

गावातल्या तंत्रशाळेचं पत्र आलं तेव्हा तिने पाहुण्यांची यादी आधी वाचली. शाळेत दर वर्षी पाच उद्योजकांना बोलवत. प्राचार्या बाईंचा नियम कडक होता: बोलायचं पाच मिनिटं, मग आपण हाताने केलेली पहिली वस्तू मुलांसमोर चालवून दाखवायची. "आमची मुलं तोंडावर विश्वास ठेवत नाहीत," त्या म्हणत, "हातांवर ठेवतात." यादीत एक बेकरीवाले होते, एक बसगाड्यांच्या मालकीण होत्या, एक रंगारी होते, टिचकी होती आणि शेवटी दादा. त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, 'पहिलं कुलूप. किल्ली हरवली आहे.'

टिचकीने सुईदोऱ्याचा डबा उघडला. किल्ली तेलाने पुसली आणि प्राचार्या बाईंकडे पाठवून दिली. सोबत चिठ्ठी: 'मूळ किल्ली. चांगल्या स्थितीत.' ती कुठल्या बाजूला फिरवायची, याबद्दल तिने एक अक्षर लिहिलं नाही.

कार्यक्रमाच्या आधी पाहुण्यांना वाचनालयात बसवलं होतं. दादा आला तो हात पसरूनच. मागे वहिनी.

"काय गं टिचके! किल्ली पाठवलीस म्हणे. मी हिला म्हटलं, बघ, आली शेवटी ताळ्यावर."

"वन्सं, केस किती पांढरे केलेत हो," वहिनी म्हणाल्या. "आणि कारखाना म्हणे स्प्रिंगांचा? गाद्यांच्या का?"

"गाद्यांच्याही करते, वहिनी. ज्यांना झोप लागत नाही त्यांच्यासाठी."

वहिनींनी चहाच्या कपात पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, एकदा उघडून तरी बघा आधी. चारचौघांत अडलं म्हणजे?"

टिचकीने कप खाली ठेवला. बावीस वर्षं या एका वाक्यावर पाण्यात जाणार होती.

दादा हसला. "जन्मभर कुलपंच उघडतोय मी. तालीम कसली करायची त्याची?"

सभागृहात दोनशे मुलंमुली होती, निळ्या कामाच्या कपड्यांत. बेकरीवाल्यांनी आपल्या पहिल्या पत्र्याच्या साच्यात पाव लावला आणि तो फुगेपर्यंत कुणी काही विचारू नये म्हणून बोलतच राहिले. बसवाल्या बाईंनी पहिल्या गाडीला स्वतः बनवून बसवलेला भोंगा वाजवला. पहिल्या ओळीने कान झाकले. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. टिचकीची पहिली वस्तू दादाच्या नावावर होती, म्हणून तिने चावीचा बेडूक टेबलावर सोडला. त्याने तीन उड्या मारल्या आणि चौथ्या उडीला थेट प्राचार्या बाईंच्या मांडीत. पोरं हसून हसून बेजार.

मग दादा उठला. काय बोलला म्हणता! वडिलांची गरिबी, स्वयंपाकघरातला ओटा, हातात कानस. "मुलांनो, ह्याच दोन हातांनी केलं," तो म्हणाला आणि हात वर करून दाखवले. त्या हातांवर कानशीचा एक ओरखडा नव्हता. टिचकीने आपले हात मांडीवर उलटे ठेवले.

काचेच्या पेटीतून कुलूप बाहेर आलं. एवढंसं, पितळी, एका बाजूला थोडं वाकडं. ते वाकडेपण कुठे हात घसरल्याने आलं होतं ते तिला आठवलं आणि एकदम उठून ते हातात घ्यावंसं वाटलं.

दादाने किल्ली घातली. उजवीकडे फिरवली. खट्.

"गंजलं असेल," तो हसून म्हणाला. त्याने फुंकर मारली, कपाळावरून रुमाल फिरवला आणि पुन्हा उजवीकडे. खट्.

मुलं पुढे सरकून बसली. त्या मुलांनी दादाची कुलपं वर्गात खोलून पाहिली होती. दोन चुका झाल्या, हे प्रत्येकाने मोजलं होतं.

दादाने माईकवर तळवा दाबला आणि टिचकीकडे वाकला. "किल्ली बदललीस?"

"तीच आहे."

"मग उघडत का नाही?" डावीकडे फिरवावी हे त्याच्या मनातही येईना, त्याच्या लाखो कुलपांत डावी बाजू ही चूकच होती. "टिचके, सांग ना. तिसरी चुकली तर संपलं. अगं, तुझंच आहे ते."

बावीस वर्षांनी तो ते म्हणाला होता. पण म्हणाला होता तो माईक दाबून.

"हात काढ," टिचकी म्हणाली. "आणि हेच मोठ्याने म्हण. मग सांगते."

दादाने समोर पाहिलं. दोनशे निळे सदरे, कोपऱ्यात फोटो काढणारा, पहिल्या ओळीत वहिनी. टिचकीचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं, कुलपाकडे होतं. एक शब्द उच्चारला असता तर ते वाचलं असतं. 'डावीकडे.' तो शब्द तिच्या जिभेवर आला, थांबला, आणि तिने तो गिळला.

दादाने ओठ आवळले आणि किल्ली जोर लावून उजवीकडे फिरवली.

ह्या वेळचा आवाज निराळा होता. आत काहीतरी तळाला पडलं. तो आवाज काय आहे हे तिथे सगळ्यांनाच कळलं, आणि त्यातल्या एकीने डोळे मिटून घेतले.

"जुनी वस्तू आहे," दादा माईकमध्ये म्हणाला. "चालायचंच."

दुसऱ्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. "सर, जे चालत नाही ते उघडून बघायचं, असं आमच्या वर्गात असतं. आपण हे उघडून बघायचं का?"

"छे छे! ऐतिहासिक वस्तू आहे ती."

"नियम सगळ्यांना सारखा," प्राचार्या बाई बेडूक बाजूला ठेवत म्हणाल्या. "करवत आहेच आपल्याकडे. तुम्हीच कापा. केलंय तुम्ही, कुठे कापायचं तुम्हालाच ठाऊक."

दादा करवतीकडे पाहत उभा राहिला. चुकीच्या जागी कापलं असतं तर आतल्या पट्ट्यांचा भुगा झाला असता, आणि बरोबर जागा कोणती, ते त्याला माहीत नव्हतं.

"मी कापते," टिचकी उठली.

तिने कुलूप टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळलं, कडीच्या खाली दोन बोटं जागा मोजली आणि करवत डाव्या हातात घेतली. सभागृहात कुजबुज उठली. पितळेचा सोनेरी भुगा तिच्या मनगटावर साचत होता. दहा मिनिटं लागली. कुणी जागचं हललं नाही. दादालाही खाली बसता येईना, कारण कुणी त्याला बस म्हणालं नव्हतं.

कुलपाचे दोन भाग झाले. टिचकीने एक भाग त्या मुलीच्या हातात दिला. "आतल्या बाजूला काय दिसतंय, वाच."

मुलीने तो उजेडाकडे धरला. "कोरलंय काहीतरी. 'डाव्या हाताने केलं. टिचकी.'" तिने मान वर केली. "टिचकी कोण?"

उत्तराची गरज नव्हती. सगळं सभागृह टिचकीच्या डाव्या हाताकडे पाहत होतं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक पोरगा, आपण किती मोठ्याने बोलतोय याचं भान न राहून, म्हणाला, "अरे, म्हणजे ते डावीकडे उघडत होतं!"

हसण्याचा लोट उठला. मुलं दुष्टपणाने हसत नव्हती. कोडं सुटल्यावर हसतात तशी हसत होती. पण दादाच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. वहिनी पर्स उचलून दाराकडे निघाल्याही होत्या.

बाहेर जिन्यात त्याने तिला गाठलं. चेहरा पार उतरलेला. "एवढा सूड, टिचके? नुसतं मागितलं असतंस तर सांगितलं असतं मी, तुझं म्हणून."

"मागितलं होतं. खालून, रस्त्यावर उभी राहून. तू खिडकी लावून घेतलीस."

"लोक काय म्हणतील उद्यापासून?"

"म्हणतील ते ऐक. मी ऐकलंय बावीस वर्षं, तुझी जाहिरात. खेळ खलास."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. जन्मभर बोलण्यावर जगलेल्या माणसाला त्या वेळी एक शब्द सापडला नाही. हे मात्र तिने नीट, मन भरेस्तोवर पाहून घेतलं. मग ती खाली उतरली.

कुलपाचे दोन्ही भाग तिने शाळेला देऊन टाकले, वर्गात शिकवायला. किल्ली पर्समध्ये होती. गाडीत बसल्यावर तिने डावं मनगट झटकलं. थोडा पितळेचा भुगा अजून तिथल्या लवेत अडकलेला होता. मनाला काहीतरी लागून राहिलं होतं, तेव्हा तिने स्वतःला विचारलं, हे कशाचं? दादाचं वाईट वाटतंय का? पहिल्या चौकापर्यंत तिने प्रामाणिकपणे शोधून पाहिलं. नाही, त्याचं नव्हतं.

कुलपाचं वाटत होतं. एक शब्द बोलली असती तर ते उघडलं असतं.