वरचा माणूस

रुफिनाने सागोच्या खोडातल्या अळ्यांची आणखी एक पुडी पानात बांधली, विस्तवाच्या कडेला सरकवली आणि मान उंचावून नदीच्या वळणाकडे पाहिलं. भरतीचं पाणी चढत होतं. वळणावर एका बगळ्याशिवाय कुणी नव्हतं.

"बघून बघून नदी आटवशील," एवारिस्ता म्हणाली. ती शेजारीण चिखलावर टाकलेल्या फळ्यांच्या वाटेवर पाय खाली सोडून बसली होती आणि मांडीवरची काठी कोयत्याने तासत होती. "येईल तुझा लेक. शहरातली माणसं जेवण शिजल्यावरच उगवतात."

"त्यानेच निरोप धाडला होता. मामाचा खांब उभा राहील तेव्हा येतो म्हणून."

"कधी धाडला होता?"

"पश्चिमेचा वारा सुटायच्या आधी."

एवारिस्ताने काठीचं टोक बोटाने चाचपलं. वारा कधीच पडला होता. पण माणूस तिमिकासारख्या शहरात मजुरी करायला गेला की त्याच्या निरोपांचं असंच असतं, हे दोघींनाही माहीत होतं.

रुफिनाचा भाऊ बेरे मागच्या साली वारला, तेव्हापासून त्याचा आत्मा गावातच घुटमळत होता. कुणाची होडी दोर सुटून वाहून गेली, की लोक म्हणायचे, बेरेला अजून वाट मिळाली नाही. मेलेल्या माणसाला खांबावर कोरावं, नदीकडे तोंड करून उभं करावं, नाव घेऊन रडावं, मग तो समुद्रापलीकडे आपल्या माणसांत जातो. म्हणून रानातून झाड आणलं होतं. रुफिनाचा नवरा कोकाय म्हातारा पेपला जोडीला घेऊन गावातल्या पुरुषांच्या सामायिक घराआड, झावळ्यांच्या कुडामागे तो खांब कोरत होता. बाहेर येईपर्यंत बायकांनी तो पाहायचा नव्हता. आणि बाहेर आला की बायकांनी काठ्या घेऊन पुरुषांवर तुटून पडायचं, पुरुषांनी मुकाट मार खायचा, ही रीत. त्या दिवशी गावातल्या साऱ्या बायका खुशीत असत.

"तुझ्या नवऱ्याला मी पाठीवर दोन देणार आहे," एवारिस्ता म्हणाली. "आधीच सांगून ठेवते. रडत बसू नकोस."

"दे की. मलाही द्यायच्यात. घरात तोंड उघडत नाही मेला."

हे खरं होतं. वारा पडल्यावर कोकाय अगात्सच्या बाजारात स्वतः कोरलेली ढाल विकायला गेला आणि ढालीसकट परत आला. ती हसली होती. एवढी मोठी ढाल जाताना वल्हवत नेलीस, येतानाही वल्हवत आणलीस, होडीला कंटाळा आला असेल, म्हणाली होती. गिऱ्हाईक नव्हतं, एवढंच तो बोलला. तेव्हापासून उजाडलं की कुडामागे, अंधारलं की घरी. पुढ्यातली सागोच्या पिठाची भाकर अर्धी तशीच राहायची. एका संध्याकाळी मात्र त्याने आपणहून विचारलं होतं,

"त्याला कुऱ्हाड लागली, तेव्हा केवढा होता गं तो?"

"सेवेरिन? माझ्या कमरेएवढा. तुझीच कुऱ्हाड. आठवण नाही होय? गुडघ्यावरचा वण बघितलास तर चंद्राच्या कोरीसारखा."

त्याने मान हलवली आणि विस्तवात लाकूड सारलं. लेक येणार म्हणून बापाला जुनं आठवतंय, असं तिला वाटलं होतं. त्या रात्री ती शांत झोपली.

पुरुषांच्या घराकडून ढोल वाजला. एवारिस्ता उडी मारून उठली. बायका काठ्या घेऊन फळ्यांवरून धावल्या आणि फळ्या ओल्या चिखलात करकरल्या. रुफिनाने पुड्या विस्तवातून थोड्या बाहेर ओढल्या, करपू नयेत म्हणून, नदीकडे आणखी एकदा पाहिलं आणि काठी घेऊन त्यांच्या मागे निघाली.

कूड फोडून पुरुष बाहेर आले. खांब खांद्यांवर आडवा होता, चुन्याने पांढराफटक, अंगावर तांबड्या मातीच्या रेघा. बायकांनी आरडाओरडा करत हल्ला केला.

"आणलंत का आमचं माणूस? इतके दिवस आत काय झोपा काढत होतात?"

"याला मारा, हा सगळ्यात जास्त खातो!"

"अगं, पाठीवर मार, डोक्यात काही नाहीच त्याच्या!"

पुरुष वाकून, हसू दाबत, खांब पाडू न देता पुढे सरकत होते. पुरुषांच्या घरासमोरच्या फळ्यांवर त्यांनी तो आडवा ठेवला. रुफिना गर्दीतून वाट काढत बुंध्याशी पोहोचली. तळाशी बेरे होता. रुंद खांदे, किंचित पुढे आलेलं पोट. तिने त्याच्या पोटावर हात ठेवला. चांगला जमला होता. भाऊ सुटला आता.

मग तिची नजर वर गेली.

बेरेच्या डोक्यावर आणखी एक माणूस बसला होता. तरुण, बारीक मानेचा, गुडघे छातीशी घेतलेला, हनुवटी गुडघ्यांवर टेकलेली. कोणाचा हा? तिने गावातले वर्षभरातले मेलेले आठवले. दोन म्हाताऱ्या आणि एक तान्हं मूल. तरुण कुणी नव्हता. होडीत असा गुडघ्यांवर हनुवटी टेकून कोण बसतं, हे तिला ठाऊक होतं, पण ते तिने मनात येऊ दिलं नाही. मग तिला उजव्या गुडघ्यावरची खाच दिसली. चंद्राच्या कोरीसारखी. तिच्यात तांबडी माती भरली होती.

खांबावर जिवंत माणूस कोरत नाहीत.

तिने कोकायला शोधलं. तो शेंड्याजवळ उभा होता, हात लोंबते सोडून. तिच्याकडेच बघत होता.

पहिली काठी त्याच्या खांद्यावर बसली. बायका हसल्या. दुसरी मानेवर. तिसरी, चौथी. त्याने हात वर केले नाहीत.

"पुरे गं, मोडशील त्याला," एवारिस्ता हसत ओरडली. "या वयात दुसरा मिळायचा नाही!"

रुफिना मारत राहिली. काठी मोडली तेव्हा उरलेल्या तुकड्याने मारलं. कोकायच्या कानामागून रक्त आलं आणि गळ्यावरून छातीला लागलेल्या खांबाच्या चुन्यात उतरलं. हसणं एकेक करून थांबलं. एवारिस्ता पुढे झाली, तिने रुफिनाचं मनगट धरलं, आणि मग तिची नजर खांबाच्या शेंड्याकडे गेली. तिने मनगट सोडलं.

"मारू दे तिला," म्हातारा पेप खाली बघत म्हणाला.

रुफिनाचा हात आपोआप थांबला. फळ्यांखाली भरतीचं पाणी चुळबुळत होतं.

"कधी?" तिने विचारलं.

"पश्चिमेच्या वाऱ्यात." कोकायचा आवाज कुणी उसना आणल्यासारखा होता. "तापाने. तिकडेच पुरलं. अगात्सच्या धक्क्यावर एका होडीवाल्याने सांगितलं."

"आणि तू ढाल घेऊन आलास."

"तू हसलीस," तो म्हणाला. "मी सांगणार होतो. तू हसलीस, मग... मग मला जमेना. हे एवढंच जमतं मला."

त्याने खांबाकडे बोट दाखवलं नाही. दाखवायची गरज नव्हती.

ती खांबाशी जाऊन बसली. तरुण माणसाच्या मानेवरून, पाठीवरून, दंडावरून तिने तळहात फिरवला. मागे एक बाई रडायला लागली, पण पेपने हात वर केला तशी गप्प झाली. रुफिनाची बोटं गुडघ्यावरच्या खाचेशी आली आणि थांबली. ती खाच तिने दोनदा चाचपली.

"डावा," ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही.

"वण डाव्या गुडघ्यावर होता." ती नवऱ्याकडे न बघता बोलत होती. "मला विचारायचं होतंस."

कोकाय खाली बसला. त्याने कमरेची छिन्नी काढली, पण टोक लाकडावर ठरेना. रुफिना थोडी सरकली आणि दोन्ही हातांनी खांब घट्ट धरला, हलू नये म्हणून. नदीकडे आता तिची पाठ होती.

डाव्या गुडघ्यावरून पहिला ढलपा निघाला. विस्तवाकडून पुड्या करपल्याचा वास येऊ लागला होता. उठून कुणी गेलं नाही.