मंजुळाबाईंच्या डोक्यातलं दार

मित्रांनो, मी एक जुनं दार आहे. धाड गावच्या मंजुळाबाईंच्या मेंदूत, एका पेशीच्या टोकावर मी राहत होतं. माझ्यासारखी दारं असंख्य. झिजलेलं निघे, नवं त्याच जागी बसे. ते डोकं आता राख झालं आहे. तरी मी बोलतं आहे. घाबरू नका.

माझं काम छोटं. एक पेशी दुसरीला ओरडून सांगते, "भी! भी!" ऐकणारी पेशी मग आपल्याच अंगच्या चरबीतून इवलीशी किल्ली घडवते आणि उलट्या वाटेनं माझ्याकडे पाठवते. ती लागली की मी ओरडणारीला म्हणतं, "आता पुरे." किल्ली लगेच मोडून जाते. पुढे शास्त्रज्ञांनी आम्हाला कॅनाबिनॉइड रिसेप्टर म्हटलं आणि त्या किल्लीच्या नावात 'आनंद' घातला. तेव्हा मात्र आम्हाला नाव नव्हतं. महाराष्ट्र राज्यही नुकतंच झालं होतं.

त्या उन्हाळ्यात उकंडराव, मंजुळाबाईंचे यजमान, विहिरीतला गाळ काढायला उतरले. मोटेचं चाक करकरलं आणि नाडा, म्हणजे मोटेचा दोर, तुटला. उकंडराव जिवंत वर आले नाहीत. त्यानंतर शेजारच्या मळ्यात चाक करकरलं, तरी बाई जागीच थिजत. झोप गेली. इतका आरडाओरडा चाले की आमच्या किल्ल्या पुरेनात.

महाशिवरात्रीला दीर पुंजाजी भांगेचा पेला घेऊन आले.

"घ्या वयनी, शंकराचा परसाद हाय. असा डोळा लागन, घोराले लागसान त गाव उठीन!"

बाई किती दिवसांनी हसल्या, आणि प्यायल्या.

मित्रांनो, भांगेतली ती किल्ली आम्ही मागवली नव्हती. ती मोडेना. सगळ्या दारांत एकदम बसली. जिथे काही ओरडत नव्हतं तिथेही आम्ही "पुरे, पुरे" म्हणत राहिलो. दुपार लांबली, सरेना. त्या शांततेत चाक करकरलं. चाकामागून उकंडराव बोलले.

मुलगी विमल धावली, तेव्हा बाई विहिरीच्या काठावर वाकल्या होत्या.

"माय, कोनाशी बोलून राह्यली?"

"तुह्या बापाशी. दोर टाक म्हनते थे."

विमलनं तिला कमरेला धरून मागे ओढलं.

त्यानंतर पेला नाही. विमल रोज तिला शेजारच्या मळ्यात नेई आणि हात धरून बसे. चाक करकरे, बाई थरथरत, काहीच होत नसे. रोज एखादी घरची किल्ली लागे. ओरडा थोडा कमी होई. एका दुपारी बाई म्हणाल्या, "चाक तेल मांगून राह्यलं, पोरी."

बस, एवढंच म्हणाल्या.

वर्षं सरली, बाई थकल्या. गेल्या पौषात विमल त्यांच्या कानाशी "माय, माय" करत होती. हाक आमच्यापर्यंत आली. पण श्वास चालवणाऱ्या खोलीत आमची दारं फार थोडी. तिथे आमचं चालत नाही. श्वास थांबला. किल्ली घडवणारं कुणी उरलं नाही. मी वाट पाहत राहिलं.

मित्रांनो, भ्यालेल्या माणसाला गप्प करायची घाई करू नका. त्याची किल्ली त्याला घडवू द्या, तोवर शेजारी बसा.

हल्ली विमल चाकाला तेल घालते. तरी मधेच हात थांबवून विहिरीकडे कान देते.

तिच्याजवळ कुणीतरी बसा.