सतरंजीची मधली शिवण

मित्रांनो, आधी बसा, मग ऐका. मी सतरंजी आहे, चांगली लांबलचक आणि वयाने तुमच्या आजोबांएवढी. उभ्या माणसांशी बोलायची मला सवयच नाही.

माझा कापूस ब्राह्मणपुरीच्या काळ्या शेतातला आणि विणकाम शहाद्याचं. ब्राह्मणपुरीच्या दगूबाईंच्या सासऱ्यांनी गावच्या भजनी सप्ताहासाठी कापूस दिला. शहाद्याच्या सलाउद्दीनभाईंच्या विणकर वडिलांनी त्याचं सूत लाल-निळं रंगवून मला हातमागावर विणलं. माग अरुंद होता, म्हणून मी दोन पट्ट्यांत जन्मले आणि मधोमध एका लांब शिवणीने जोडले गेले. मजुरी म्हणून विणकराने एकच गोष्ट मागितली. ईद-ए-मिलादच्या बयानाला, म्हणजे प्रवचनाला, हीच सतरंजी आमच्या मोहल्ल्यालाही मिळावी.

तेव्हापासून एक रीत पडली. ज्यांचा कार्यक्रम शेवटचा, त्यांच्याच घरी मी राहायचे. दुसऱ्यांना हवी असली की त्यांनी स्वतः यायचं, माझ्यावर बसून चहा प्यायचा आणि मला मागून न्यायचं. मागितल्याशिवाय कुणी नेऊन द्यायचं नाही. दगूबाई केळीची फणी घेऊन शहाद्याला यायच्या. सलाउद्दीनभाई शीरखुर्म्याचा डबा घेऊन ब्राह्मणपुरीला जायचे. मागणं दोन मिनिटांचं, गप्पा मात्र शेवटची एसटी चुकेपर्यंत!

किती जमाव पाहिले मी! एका नाताळात तर खांडबाऱ्याकडच्या पाड्यावरच्या प्रार्थनासभेलाही जाऊन आले. देव घरातही भेटतो, मग माणसं जमतात कशाला, हा प्रश्न मला फार पडायचा. कीर्तनकारबुवा म्हणायचे, एकट्याचं भजन पुटपुटणं होतं, दहा जणांचं झालं की त्याला ताल येतो. मौलवीसाहेब सांगायचे, जमातीत, म्हणजे एकत्र नमाजात, खांद्याला खांदा लागला की मोठा-लहान उरत नाही. पाड्यावरचे पाळक म्हणाले, पूर्वी घरं दूर दूर होती, आठवड्यातून एकदा भेटलं की कोण आजारी आहे ते तरी कळायचं. मी खाली अंथरलेली, मला एवढं मोठं ज्ञान कुठलं? पण सगळीकडे प्रार्थनेच्याही आधी लोक एकमेकांना म्हणायचे, "थोडं सरका." मला वाटतं, जमण्याचा अर्थ तिथेच सुरू होतो.

मग एका वर्षी मिलाद आणि सप्ताह एकाच आठवड्यात आले. भांडण झालं असेल असं वाटलं ना तुम्हाला? उलटंच झालं. दोघंही "तुम्ही घ्या, तुम्ही घ्या" म्हणत हट्टाला पेटले. शेवटी सलाउद्दीनभाईंनी स्वतःच माझी मधली शिवण उसवली. एक पट्टी मोहल्ल्यात राहिली, एक गावाला गेली. दगूबाईंचा मुलगा रूपचंद म्हणाला की हे बरं झालं, आता दरवर्षीचे हेलपाटे वाचले.

हेलपाटे वाचले, मित्रांनो, आणि माणसं येईनाशी झाली. ज्याची त्याची अर्धी ज्याच्या त्याच्या घरी, मग मागायचं काय? पुढे दोन्हीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. ब्राह्मणपुरीत मी केळीच्या घडांवर पांघरूण झाले. शहाद्यात मी कपाटावर धूळ खात पडले. एकाच वेळी दोन गावांत एकटं असणं काय असतं, ते मलाच ठाऊक.

सलाउद्दीनभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. दगूबाईंचा चेहरा नीट दिसतोय तोवर एकदा भेट व्हावी, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण रीत अशी, की काही मागायचं असल्याशिवाय जायचं कसं? गरज नसताना मागणं त्यांना खोटेपणा वाटे. रोज नुसते कपाटाकडे पाहायचे.

एक दिवस त्यांची सून सबीहा म्हणाली, "अब्बा, जाओ ना. बोलो, हमारी कम पडती."

"झूठ बोलूं?"

"झूठ किधर? आधी सतरंजी तो आधीच है, पूरी किधर?"

सलाउद्दीनभाईंनी उठून मला कपाटावरून खाली काढलं. मग हळूच म्हणाले, "दाभण किधर रखा?"

दुसऱ्या दिवशी सबीहाने माझी गुंडाळी खांद्यावर घेतली आणि दोघं एसटीने ब्राह्मणपुरीला उतरले. दगूबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. गुडघे धरून उठल्या, गुंडाळीकडे पाहून म्हणाल्या, "भाऊ, मांगाले उना का इकाले?" मागायला आलास की विकायला, असं त्यांचं विचारणं.

"मांगाले," सलाउद्दीनभाई म्हणाले. "आमनी कमी पडी ऱ्हायनी."

मोहल्ल्यातही खुर्च्या आल्यात, सतरंजी कुणाला लागत नाही, हे दगूबाईंना माहीत होतं. तरी शेंगा बाजूला सारून त्यांनी ओट्यावर जागा केली. मग पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "मन्ही बी."

माझी दुसरी पट्टी केळीच्या घडांवरून निघाली. चिकाचे डाग पडलेली, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली. रूपचंदने मान खाली घालून ती झटकली आणि उन्हात टाकली. दुपारी दोन्ही पट्ट्या ओट्यावर शेजारी आल्या. दाभण ओवायला सलाउद्दीनभाईंना दिसेना, दगूबाईंनाही. मग सबीहाने दोरा ओवला, दगूबाईंनी कडा जुळवून धरल्या आणि सलाउद्दीनभाईंनी बोटांनी चाचपत टाके घातले. शिवण चांगलीच वाकडी झाली. रुसलेला जावईही एवढा वाकडा चालत नाही, असं दगूबाई म्हणाल्या आणि सलाउद्दीनभाई इतके हसले की टाका चुकला!

मग माझ्यावरच बसून चहा झाला. दगूबाईंनी आग्रह केला की आता मला शहाद्यालाच न्यावं. सलाउद्दीनभाईंनी हसून माझ्या नव्या शिवणीवरून हात फिरवला. एसटीची वेळ झाली तसे ते उठले आणि सबीहाचा हात धरून रिकाम्या खांद्याने पायऱ्या उतरू लागले.

"मांगाले उना ना तू?" दगूबाईंनी विचारलं. "मंग न्हेत का नही?"

ते वळले. "मिलादले अजून टाईम शे, बाई. आज नेली तर परत मांगाले कसा येऊ?"

मित्रांनो, मला ऊन दाखवा, ओली घडी करू नका, उंदरांपासून जपा. पण मला खरंच जपायचं असेल, तर तुमच्या गरजेचं काहीतरी शेजारच्या घरी राहू द्या. आणि ते मागायला स्वतः जा.