पाकळ्यांमधली फट

कल्पना करा, तुमचं घर तुरीच्या दाण्याएवढं आहे. भिंती चुनखडीच्या, पाकळ्या जुळवल्यासारख्या. भोवती मऊ स्पंज, समुद्रातल्या खडकाला चिकटून जगणारा जीव. त्याच्या अंगात तुम्ही डोकं खाली रुतवून, पाय वर करून बसलेले. पायांनीच पाणी ढवळायचं आणि हाती लागेल ते खायचं. असा प्राणी म्हणजे स्पंजात राहणारा बार्नॅकल.

मालवणहून आलेले असे पाच बार्नॅकल नाशिकरोडला संजनाच्या घरी, स्पिरिटच्या बाटलीत होते. तिची आई रोहिणी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पाचांतला एकच अख्खा होता, आणि त्याच्या पाकळ्यांमध्ये बारीक फटी होत्या. तशा फटी आईने दुसऱ्या कुठल्याच बार्नॅकलमध्ये पाहिल्या नव्हत्या. ही नुसती नवी जात नव्हे, तर नवी प्रजाती, म्हणजे त्या प्राण्याला नवं आडनावच द्यायला हवं, असं तिचं म्हणणं. तीन वर्षं ती त्यावर लिहीत होती.

चित्र आईने पेन्सिलने काढलं होतं. आठवीतल्या संजनाचा हात स्थिर, म्हणून शाईने गिरवलं तिने. दारातल्या रांगोळीची रेघ तुटलेली आजीला, यशोदाबाईंना, चालत नसे. संजनाचा हात त्यात तयार झालेला. पेन्सिलची रेघ जिथे तुटली होती, तिथे तिने ती सफाईने जोडली. मग पेन्सिल खोडून टाकली. कॉलेजचे पेपर तपासण्याच्या गडबडीत आईने लेख आणि फोटोबरोबर चित्र तसंच शोधपत्रिकेकडे पाठवलं.

रविवारी सकाळी पत्रिकेच्या परीक्षकांचं उत्तर आलं. फोटोत फट आहे की सावली, कळत नाही. चित्रात तर पाकळ्या जुळलेल्याच आहेत.

आईने चित्र आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले. चित्र कवच ब्लीचने पहिल्यांदा साफ केल्यावरचं, फोटो दुसऱ्यांदा ब्लीचमध्ये ठेवल्यानंतरचा. म्हणजे फटी खऱ्या नाहीतच, कडा ब्लीचनेच झिजल्या, असं ती आजीला सांगू लागली. लेख मागे घेते म्हणाली.

“तीन वर्षं शिंपल्याएवढ्या किड्यापायी घालवलीस,” आजी म्हणाली, “आता जेव तरी.”

“शिंपल्याएवढा कुठला, आई. एवढुसा आहे.” आईला हसू आलं, पण लॅपटॉप तिने पुढे ओढलाच.

 गप्प राहिलं तर कोणाला काही कळणार नव्हतं.

“आई, रेघ मी जोडली,” ती म्हणाली. “तुझ्या पेन्सिलमध्ये फट होती. दोन्ही बाजूंना. मला वाटलं, तुझा हात उचलला गेला.”

आई रागावली नाही. “म्हणजे दुसऱ्या ब्लीचच्या आधीही फट होतीच,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “तू तो प्राणी पाहिलास का कधी?”

संजनाने नकारार्थी मान हलवली. चित्र गिरवलं होतं, प्राणी पाहिलाच नव्हता.

आईने लॅपटॉप मिटला, मायक्रोस्कोप टेबलावर ठेवला आणि तो अख्खा बार्नॅकल त्याच्याखाली सरकवला. संजनाने शाईच्या पेनला टोपण लावलं, स्टूल ओढलं आणि काचेला डोळा लावला.