हिरवं बटण

आत्या तिला लहानपणापासून मोजपट्टी म्हणायची, आणि ते काही उगाच नव्हतं. दुधाचा पेला किती भरलाय हेसुद्धा ही पोर बोट लावून बघायची. मोठेपणी तिने त्यालाच पोटाचा धंदा केलं. इमारतीला वीज कमी लागावी आणि आतल्या माणसाला बरंही वाटावं, हे तिचं संशोधन. गेले चार महिने ते एका वृद्धनिवासात चाललं होतं, आणि तिथेच बारा नंबरच्या खोलीत आत्या राहत होती.

योजना सोपी होती. चाळीस खोल्या, प्रत्येकीत एक तापमापक आणि उशाशी तीन बटणांची डबी. दर दोन तासांनी डबी वाजायची. हिरवं दाबलं म्हणजे बरं वाटतंय, पिवळं म्हणजे उकडतंय, लाल म्हणजे असह्य. हिरवं आलं की यंत्र त्या खोलीचा गारवा थोडा कमी करायचं, पुन्हा हिरवं आलं की आणखी थोडा; लाल आलं की गारवा लगेच पूर्ण. वीज निम्म्यावर आली होती आणि तिचे संशोधनाचे सर हवेत होते. आज चार वाजता अहवाल जायचा होता. तो पसंत पडला की हीच यंत्रणा आणखी तीस इमारतींत बसणार होती.

दोन वाजून गेल्यावर ती शेवटचा तक्ता तपासायला बसली. बाहेर उन्हाने नुसता कहर मांडला होता. तीन खोल्यांचे आकडे भलतेच दिसत होते: तापमान पस्तीस, आणि मत मात्र हिरवं. पस्तिसात कुठलं म्हातारं माणूस म्हणेल की बरं वाटतंय? म्हणजे तापमापक बिघडला. अशा वेळी खोली तक्त्यातून काढायची आणि खाली एक ओळ लिहायची, ही या धंद्याची रीतच. दोन खोल्या तिने काढल्या. तिसरीवर बोट ठेवलं तर ती बारा नंबरची निघाली.

आत्याची खोली होती म्हणून हात थांबला, हे कबूल करायलाच हवं. परक्याची असती तर तीही गेली असती.

तिने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर आत्याने उचलला.

"आत्या, खोलीत उकडतंय का गं?"

"छे. छान गार आहे." आवाज जड होता, जिभेवर ओझं ठेवल्यासारखा. मग आत्या म्हणाली, "तू जेवलीस का, माई?"

माई म्हणजे मोजपट्टीची आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मोजपट्टीने वृद्धनिवासातल्या सिस्टरना फोन केला, तर तो सतत व्यस्त. तक्ता तसाच टाकून ती निघाली. रस्ता दहा मिनिटांचा, पण त्या उन्हात धावताना तो संपता संपेना. तापमापक बिघडलेलाच असू दे, एवढंच ती मनात घोकत होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपलं माप खोटं निघायला हवं होतं.

वृद्धनिवासाच्या बोळात तिला अकरा नंबरचे मास्तर भेटले. निवृत्त शिक्षक, हातात वही. एका खोलीतून बाहेर पडून दुसरीत शिरत होते.

"हे काय चाललंय, मास्तर?"

"दोनचं हिरवं राहिलंय काहींचं. झोपतात लोक, मग मी दाबतो." मास्तर खुशीत होते. "तुझ्या आत्याने पहिल्याच दिवशी बजावलंय. पोरीची परीक्षा आहे, कुणी कुरकुर करायची नाही. चाळीसच्या चाळीस पास."

"आणि बाराचं कोण दाबतं?"

"ती? ती स्वतःच दाबते. एकदाही चुकलेली नाही."

चार महिने मोजपट्टी आकडे मोजत बसली आणि माणसं मोजायची राहून गेली. डोकं ठिकाणावर असतं तर हे तिला आठवड्यात कळलं असतं.

तिने बाराचं दार ढकललं. आतली हवा भट्टीची होती. खिडकीच्या फटी मोजपट्टीनेच बुजवून घेतल्या होत्या, गारवा वाया जाऊ नये म्हणून. आत्या खुर्चीत कलंडली होती. चेहरा लालबुंद, अंगाला हात लावला तर तापलेलं आणि कोरडं, घामाचा टिपूस नाही.

मोजपट्टीने लाल बटण दाबलं, न्हाणीघरातून ओले टॉवेल आणले, मानेला, काखेत लावले आणि सिस्टरना हाका मारल्या. मास्तर दारात थिजून उभे होते.

"मास्तर, प्रत्येक खोलीत जाऊन लाल दाबा."

"पण लाल म्हणजे नापास ना?"

"नापास मी झालेय. तुम्ही दाबा."

सिस्टर आल्या, पाठोपाठ डॉक्टर आले, सलाईन लागलं. पाऊण तासाने आत्याच्या कपाळावर घाम फुटला, तेव्हा कुठे डॉक्टरांचा चेहरा सैलावला.

तेवढ्यात सरांचा फोन आला. "तक्ता बघतोय. त्या बिघडलेल्या तीन खोल्या काढल्यास ना?"

"तापमापक बिघडलेले नव्हते, सर. बिघडली होती ती मतं. अहवाल जाणार नाही."

पलीकडे सर बरंच काही बोलले. तिने फोन पालथा ठेवला.

चार वाजता उशाशी डबी वाजली. आत्याने डोळे उघडले नाहीत, पण सुई टोचलेला हात उचलला आणि चाचपडत हिरव्याकडे नेला. मोजपट्टीने तो वरच्यावर धरला.

"आत्या, खरं सांग. उकडत होतं?"

आत्याने बोटं मिटून घेतली. तिला पकडल्यासारखं झालं असावं.

"फार," ती म्हणाली. "महिना झाला, बाई."