उसनी छाती

घाबरू नका मित्रांनो, मी चावत नाही. मी एक जुने एक्स-रे यंत्र आहे. माणसे माझ्यापुढे उघड्या छातीने उभी राहतात, क्षणभर श्वास रोखतात आणि मी त्यांच्या आत डोकावतो.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्याच एका खाण कंपनीने मला या गावाला भेट दिले. कंपनी इथला डोंगर पोखरत होती, घराघरावर पांढरी धूळ बसत होती. बदल्यात गावाला काहीतरी द्यावे, असे साहेबांना वाटले असावे. दवाखान्यात फीत कापली गेली. साहेबांनी माझ्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला. खरे सांगतो, तेव्हा मी अभिमानाने फुगलो होतो.

सुरुवातीला माझा नुसता उदोउदो झाला. मोडलेली हाडे, पोरांनी गिळलेली नाणी, सगळे माझ्याकडे येई. मग कंपनीने फर्मान काढले, की प्रत्येक कामगाराने दरवर्षी छातीचा फोटो काढायचा. तुमच्याच भल्यासाठी, असे सांगितले. पण फोटोत डाग दिसला, की औषध मिळायचे नाही, घरचा रस्ता मिळायचा. लोक मला पाण्यात पाहू लागले.

मग गावाने तोड काढली. ज्याला खोकला लागला असेल, त्याच्या नावावर घरातला एखादा धडधाकट माणूस रांगेत उभा राही. गावात याला 'छाती उसनी घेणे' म्हणत. भाऊ भावाला देई, मेहुणा मेहुण्याला. फोटो काढणारा तंत्रज्ञ सगळे जाणून काणाडोळा करी.

असाच एकदा न्हावी आला. त्याचा थोरला भाऊ खाणीत ड्रिल चालवायचा आणि अलीकडे बोलतानाही धापा टाकायचा.

"काढा झकास फोटो," न्हावी तंत्रज्ञाला म्हणाला. "दादाला सांगून आलोय, तू बिनघोर झोप. मी जन्मात खाणीचं तोंड पाहिलेलं नाही."

मी पाहिले. त्याच्या दोन्ही फुप्फुसांत डागच डाग होते. त्याचे दुकान कंपनीच्या दगड भरडायच्या गिरणीसमोर होते आणि गिऱ्हाइकांसाठी दार दिवसभर सताड उघडे असे. मला लपवता येत नाही हो. मी दाखवले.

थोरल्याची नोकरी गेली. मग दोघे भाऊ कंपनीच्या डॉक्टरांकडे गेले.

"साहेब, ही छाती माझी आहे, दादाची नाही," न्हावी म्हणाला. "चूक माझी. पण दादाला घरी बसवू नका, आणि आम्हा दोघांना औषध द्या."

डॉक्टर एकदम सावरून बसले. "तुम्ही खाणीत कधीच काम केलं नाही?"

"कधीच नाही. आईशप्पथ."

"बसा ना, उभे का? चहा घ्या. आणि एवढंच लिहून द्या."

न्हाव्याने खुशीने लिहून दिले. आठवड्याभरात कंपनीने जाहीर केले, की खाणीत पाऊलही न टाकलेल्या माणसाला हा आजार आहे, म्हणजे तो खाणीमुळे होत नाही, गावच्या हवेतच आहे. आजवर घरी पाठवलेल्या सगळ्यांच्या उपचाराची मागणी तिथेच निकालात निघाली. थोरल्याला फसवणुकीबद्दल कायमचे काढले. न्हाव्याच्या दुकानात कोणी डोके द्यायला येईना.

हवेचे मात्र कंपनीने मनावर घेतले. धुळीने माझे फोटो पुसट येत होते. म्हणून माझ्या खोलीच्या खिडक्या बुजवल्या, एकामागे एक दोन दारे बसवली, हवा गाळणारे यंत्र आणले. त्याचीही फीत कापली.

त्यानंतर थोरला बायकोचा हात धरून आला. फोटो झाला तरी तो स्टुलावरून उठेना. डोळे मिटून नुसता श्वास घेत राहिला.

"वहिनी, उठवा त्यांना," तंत्रज्ञ म्हणाला.

"थोडं बसू द्या हो भाऊ. इथं त्यांना श्वास येतोय."

"कळतंय मला. पण कपड्यांतून धूळ झडतेय. मशीन बिघडलं तर माझी नोकरी जाईल."

तिने त्याला काखेत हात घालून उठवले आणि बाहेर नेले. दोन्ही दारे बंद झाली.

मित्रांनो, गोष्ट संपवताना वस्तूंची निगा राखा, अशी विनवणी करायची असते. मी कोणत्या तोंडाने करू? थोरला त्याच महिन्यात गेला. परवा एक नवे साहेब आले, माझ्यावरून बोट फिरवून त्यांनी ते उजेडात धरले. बोटाला धुळीचा कणही नव्हता. "याला म्हणतात काळजी घेणं," ते म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.