अर्जदाराची सही

बेडूकमास्तरांनी उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट आवळलं आणि तिसऱ्या अर्जावर पेन टेकवलं. पहिलं अक्षर बरं उमटलं. दुसऱ्याला पेन चौकट सोडून जे पळालं ते थेट खालच्या रकान्यात जाऊन थांबलं. करखात्याच्या खिडकीमागच्या बाईंनी चष्म्यावरून आधी अर्जाकडे पाहिलं, मग ओळखपत्रावरच्या सहीकडे, आणि मान हलवली.

"जुळत नाही हो. नवीन अर्ज घ्या."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खिडकी पाचला बंद होणार होती.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हेत. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनात ते चौतीस वर्षं चित्रकार होते. विज्ञानाच्या पुस्तकात पोट उघडून पडलेला जो बेडूक असतो, तो त्यांचा. दोन पिढ्यांनी तो वहीत उतरवला. निम्म्यांचा बटाट्यासारखा आला, हा काही मास्तरांचा दोष नाही. गेल्या महिन्यात प्रकाशनाने चित्रविभागाला कुलूप लावलं. काम देऊ, म्हणाले, पण बाहेरचे म्हणून. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून करखात्यात नोंदणी करा आणि नंबर कळवा. जीवशास्त्राच्या नव्या पुस्तकाच्या अठ्ठावीस आकृत्या त्यांच्यासाठी ठेवल्या होत्या. आज पाचपर्यंत नंबर गेला नाही तर त्या दुसऱ्याकडे जाणार होत्या. या वयात दुसऱ्या कुठल्या दारात मास्तरांना कोणी उभं केलं नसतं.

शेजारी उभी असलेली त्यांची बायको सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. आणि तिची भीती नुसती नंबराची नव्हती. मास्तरांचा हात दीड वर्षापासून थरथरत होता. गुडघ्यांचं निमित्त सांगून ते घरूनच काम करायचे. सकाळी टेबलाशी बसून आकृती काढायचे; ती कशी यायची ते न सांगितलेलंच बरं. दुपारी जेवून ते आडवे झाले की ती नवा कागद घ्यायची, तीच आकृती पहिल्यापासून काढायची, कोपऱ्यात त्यांची सही ठोकायची आणि पाकीट चिकटवून टाकायची. तीस वर्षं त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा खोडता खोडता हात शिकला होता. प्रकाशनात कोणाला पत्ता नव्हता आणि मास्तरांनाही नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"अंगठा चालेल का?" तिने विचारलं.

"चालतो की. पण मग अर्ज वरच्या साहेबांकडे जातो. पंधरा दिवस धरा."

"पंधरा दिवस कुठून आणू हो मी?" तिचा आवाज चढला. रांगेतल्या दोघांनी माना वळवल्या. "माणूस समोर उभा आहे, फोटो आहे, नाव आहे. सही हलली म्हणून माणूस बदलला का?"

"ताई, कळतंय मला. पण माझ्याही नोकरीचा प्रश्न आहे." बाईंनी चौथा अर्ज पुढे सरकवला. "बाकावर बसून शांतपणे करा. मी आहे पाचपर्यंत."

ते बाकावर बसले. मास्तरांनी मागच्या खराब अर्जावर सराव केला. एक सही, दुसरी, सातवी. सातवी पहिलीपेक्षा वाईट होती. घामाने कागद ओला झाला. चार पस्तीसला तिला ते बघवेना.

"द्या इकडे. मी करते."

"काय?"

"सही. खिडकीतून बाक दिसत नाही. जमते मला तुमची."

बोलून गेली आणि मग आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं.

"माहीत आहे," मास्तर म्हणाले. "बेडूकही जमतो तुला."

तिने अर्जासाठी पुढे केलेला हात मागे घेतला.

"अगं, तू डावखुरी. तू मारलेल्या छायेच्या रेघा उलट्या कलतात. पहिलं हृदय छापून आलं तेव्हाच दिसलं मला."

"मग रोज सकाळी कशाला बसत होतात?"

"मी सकाळी बसलो नसतो, तर दुपारी तू कशी बसली असतीस?"

दीड वर्ष दोघांनी एकाच टेबलावर एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती. तिला रडू आलं, राग आला, आणि चार चाळीस झाले होते. मास्तर उठून खिडकीशी गेलेसुद्धा.

"हा अर्ज हिच्या नावाने घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी बायकोचं पूर्ण नाव सांगितलं. घरात 'अगं' शिवाय हाक नसायची. कोणाला बोलावताहेत ते तिला क्षणभर कळलंच नाही.

"अहो, काम तुमच्या नावावर मिळतं," ती जवळ येऊन कुजबुजली. "मला तिथे कोण ओळखतं? अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जातील हातच्या."

"जातील. किंवा नाही जाणार. मी बोलतो त्यांच्याशी. खरं तेच सांगतो. तू सही कर."

तिने पर्समधून ओळखपत्र काढलं. सही पहिल्या फटक्यात जुळली. बाई भराभर टाइप करू लागल्या.

"व्यवसाय?"

"पुस्तकांच्या आकृत्या काढणं."

"तुमच्याबरोबर आणखी कोणी काम करतं?"

मास्तर "नाही" म्हणणार तेवढ्यात तिने घाईने सांगून टाकलं, "हो. हे करतात. सकाळचं काम यांचं."

"मग मदतनीस म्हणून नाव घालते." बाईंनी यंत्रातून निघालेला कागद उलटा करून पुढे ठेवला. "इथे त्यांची सही."

पुन्हा तेवढीच चौकट. तिला स्वतःची जीभ छाटून टाकावीशी वाटली. मास्तर कागदाकडे बघत उभे राहिले. घड्याळात चार त्रेपन्न. बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत डोळ्यांवर न ठेवता बाजूला ठेवून दिला.

"मदतनिसाची सही आम्ही ताडून बघत नाही," त्या म्हणाल्या. "कशीही चालते."

मास्तरांनी कागद ओढून घेतला. पेन चौकट सोडून पळालं, खालच्या रकान्यात शिरलं, कसंबसं परत वर आलं. या वेळी ते मधे थांबले नाहीत. शेवटची रेघ पूर्ण होईपर्यंत बाई शिक्का हातात धरून थांबल्या होत्या.